अबोली रंगाचा डबा

नारायणगावच्या स्टँडवर गाडी लागली होती, आत माणसं दाटली होती आणि पुढच्या दाराशी उभे असलेले एक पावणे पाटी वाचूनसुद्धा ही गाडी जुन्नरलाच जाते ना, असं पुन्हा पुन्हा विचारत होते. तेवढ्यात वैजयंतीच्या खाकी खिशातला मोबाइल थरथरला. घरच्या ग्रुपवर फोटो आला होता. पाळण्याचा. पिंपरी पेंढारच्या घरी कांद्याच्या चाळीत इतकी वर्षं पडून असलेला तो लाकडी पाळणा कोणीतरी अंगणात ओढून आणला होता, आणि त्याच्या बाजूच्या फळीवर पोस्टकार्डाएवढा चौकोन घासून काढला होता. मधोमध मधाच्या रंगाचं उघडं सागवान, आणि त्याच्या कडेने, एकात एक, सगळ्या जुन्या रंगांच्या बारीक रेघा. खाली पुतण्याने, नुकत्याच बाप झालेल्या माऊलीने, लिहिलं होतं की बघा आत काय माल लपलाय, सगळा रंग काढून नॅचरल पॉलिश करणार, आरतीची, म्हणजे त्याच्या बायकोची, आयडिया. मोठ्या दिरांनी, दादाभाऊंनी, त्याला हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. आणि सगळ्यात शेवटी, आठवण झाल्यासारखं, माऊलीनेच पुन्हा लिहिलं होतं: काकी, तुझी परवानगी आहे ना? पुढे एक हसरं तोंड.

तिने फोटो मोठा केला. पावणे अजून विचारतच होते. "जाती, बसा," ती इतक्या जोरात ओरडली की ते मागच्या सीटपर्यंत जाऊन बसले. सर्वांत वर गुलाबी. तो नणंदेचा, प्रतिभाचा, तिच्या पोरीच्या वेळचा. त्याच्या आत हिरवा, तो माऊलीचा. त्याच्या आत पिवळा, माऊलीच्या थोरल्या बहिणीचा. मग जांभळा, तो खुद्द प्रतिभाचा, मग निळा म्हणजे सुभाष, तिचा नवरा, मग तांबडा म्हणजे दादाभाऊ, आणि त्यांच्याही आत लाकडाला चिकटलेली काव, ती कोणाची हे सांगणारं आता कोणी उरलं नव्हतं. पिवळ्याला हिरवा चिकटून होता. मध्ये काही नव्हतं. नाही, हे तिला माहीतच होतं, पण माहीत असणं वेगळं आणि चारचौघांच्या ग्रुपवर ते उघडं पडणं वेगळं. घंटीची दोरी तिने गरजेपेक्षा जास्त जोरात ओढली. गाडी निघाली. कोणी सुटे पैसे मागितले, कोणी अर्धं तिकीट मागितलं, आणि ती प्रत्येकाशी अशी बोलत गेली, जसं काही त्याच माणसाने तो चौकोन घासला होता. पुढच्या एका फाट्यावर एक म्हातारी उतरताना म्हणालीसुद्धा, बाई, घरी भांडून आलीस काय.

भांडायला घरी कोण होतं? भांडायचं तर त्या रिवाजाशीच भांडायला हवं होतं. हा रिवाज गावाचा नव्हता, भावकीचाही नव्हता, फक्त या एका घराचा. आहुप्याकडच्या सागवानाचा पाळणा सासऱ्यांच्या वडिलांनी करून घेतला, पितळी कड्या, कातीव पाय, कठड्यावर पोपटांची जोडी. मूल कठड्याला धरून उभं राहिलं की पाळणा रिकामा करायचा, आणि पुढच्या घरी जाण्याआधी मुलाच्या आईने आपल्या हाताने त्याला रंगाचा एक हात द्यायचा. रंग तिच्या आवडीचा. त्यात सासूने बोलायचं नाही, नवऱ्याने बोलायचं नाही. या घरात बाईला मनासारखं करायला मिळे असं तेवढं एकच काम, म्हणून बाया त्या दिवसाची वाट बघत. आणि मूल उभं राहायच्या आधीच गेलं, तर? तर रंग नाही. पाळणा तसाच पुढे जायचा. हे कोणी सांगायचं नसे, हे सगळ्यांना ठाऊक असे. कोण बसलं होतं हा कायदा करायला? कुठल्या म्हातारीने कुठल्या ओट्यावर बसून ठरवलं की उभं राहिलं ते मूल आणि न राहिलं ते काहीच नाही?

तिचं चुकलं होतं ते एवढंच की तिने डबा आधी आणला. सातवा सरला होता, तपासणीला ती ओतूरला गेली होती, आणि परत येताना हार्डवेअरच्या दुकानाबाहेर लावलेल्या रंगाच्या पट्ट्यांत तिला अबोली दिसली. गुलाबी नाही, केशरी नाही, त्या दोघांच्या मधली. माहेरी विहिरीपाशी अबोलीचं झाड होतं, त्याच्या फुलांचा तो नेमका रंग. पोटातल्या पोराने त्याच क्षणी लाथ मारली, निदान तिला तसं वाटलं, आणि तिने छोटा डबा घेऊन टाकला. घरी सासूने, कुशाबाईंनी, पिशवीत हात घातला, डबा वर काढला आणि काही न बोलता खाली ठेवला. रात्री जेवताना एवढंच म्हणाल्या, "रंग आधी आणत नसत्यात." मुलगा झाला. गोरा, केसाळ, रडायचा कमी. बारशाच्या आदल्या दिवशी त्याचं अंग तापलं आणि दवाखान्यापर्यंत जायच्या आतच, जीपमध्ये, तिच्या मांडीवर तो निवला. नाव ठेवायचं राहिलं होतं. नाव ठरलं होतं, पण कानात कुर्रर्र करून सांगितलेलं नव्हतं, म्हणून ते नाव नव्हतं. दादाभाऊ आणि सुभाष त्याला घेऊन गेले. कुठल्या बांधाला ठेवला ते तिला कोणी सांगितलं नाही आणि तिने विचारलं तेव्हा सुभाष म्हणाला, कशाला इचारतीस. आणि मग, ती अंधाऱ्या खोलीत छातीला फडकं बांधून पडलेली असताना, बाहेर ओट्यावर भेटायला आलेल्या बायांना कुशाबाई हलक्या आवाजात सांगत होत्या: रंग आधी आणला व्हता ना. इतक्या हलक्या आवाजात, की आत नीट ऐकू यावं.

हे सगळं तिने गिळलं. पोळ्याचं मात्र तिला आजपर्यंत गिळता आलेलं नाही. त्या वर्षी पोळ्याच्या सकाळी ती चहा घेऊन गोठ्याकडे गेली, आणि सासरे बैलांची शिंगं रंगवत होते. अबोली रंगाने. डबा फोडला होता, त्यात काडीला चिंधी बांधून केलेला कुंचला. "वाया कशाला घालवायचा," ते म्हणाले, वाईट बोलायचं म्हणून नव्हे, खरंच काटकसर म्हणून. त्या दिवशी मिरवणुकीत गावाने त्या रंगाचं कौतुक केलं. लई इगळा रंग हाय राव, कुठून आणला? आणि मग वर्षभर, नांगरटीला, पाणी पाजायला, तिच्या दारातून ती अबोली शिंगं रोज गेली आणि रोज आली. पुढच्या पोळ्याला त्यांच्यावर हिंगूळ चढेपर्यंत. बैलाला तिचा रंग चालला. पाळण्याला चालला नाही.

आणि याच वर्षात माऊली. थोरली जाऊ जया तिच्यामागून महिन्याभराने बाळंत झाली आणि तापाने अशी झोपली की तिला आपलं पोर ओळखू येईना, तर दूध कुठून येणार. पाळणा तसाच, पिवळाच, जयाच्या खोलीत गेला. वैजयंतीला पान्हा होता. कुशाबाईंनी पोर आणून तिच्या मांडीवर ठेवलं. विचारलं नाही, ठेवलं. तिलाही विचारून घ्यायचं नव्हतंच, छाती दगड झाली होती. महिन्यांमागून महिने तिने त्याला पाजलं, पायाने दोरी हलवत त्याच पाळण्यात झोपवलं, आणि तो कठड्याला धरून पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा घरात तीच एकटी होती. तिने हाक मारून सगळ्यांना बोलावलं. हिरवा रंग जयाने दिला. रिवाजच तसा, आईने आपल्या हाताने. जया अजून अशक्त होती, म्हणून तिच्या शेजारी उभं राहून डबा धरायला कोणीतरी हवं होतं. डबा वैजयंतीने धरला. जयाला त्या दिवशी चोळी-पातळ झालं आणि डबा धरणारीला हाताला लागलेला रंग काढायला रॉकेल मिळालं.

पुढे तिला काही झालं नाही. सुभाष येडगावच्या धरणावर कामाला लागला, ती परीक्षा देऊन एसटीत आली, दोघं नारायणगावात भाड्याने राहू लागली. वाडवडिलांचं एकेक वाटून गेलं. आणि दोन वर्षांमागे कुशाबाई जाताना, सगळे भोवती बसलेले असताना, म्हणाल्या, "पाळणा वैजाला." कोणीतरी खोकलं. ज्या बाईच्या घरात पाळणा हलला नाही तिला पाळणा. मरतानासुद्धा म्हातारीने बरोबर नेम धरला, असं वैजयंतीला वाटलं होतं आणि आजही वाटत होतं. काहींनी म्हटलं की कुशाआत्यांचा जीव होता तुझ्यात, त्यांना काहीतरी भरून द्यायचं असेल. भरून द्यायचं होतं तर जिवंतपणी एक वाक्य बोलायचं होतं. तिने तो नेला नाही. नको असंही म्हटलं नाही. कांद्याच्या चाळीत पडू दिला.

संध्याकाळी ड्युटी संपवून ती घरी आली तेव्हा सुभाष टीव्हीसमोर बसला होता. त्यानेही फोटो पाहिला होता. तिने विचारलं, काय करायचं. तो म्हणाला, "पाळणा तुझा हाय, तुझं तू बघ." हे तो इतकी वर्षं म्हणत आला होता, आणि त्यामागे प्रेमही असेल, पण त्या प्रेमाला कधी पाय फुटले नाहीत. ती रात्रभर ठरवत राहिली. आणि पहाटे ठरलं ते तिला स्वतःलाही नवल वाटावं असं होतं. घासू दे. सगळा घासू दे. गुलाबी जाऊ दे, हिरवा जाऊ दे, दादाभाऊ आणि सुभाष जाऊ देत, काव जाऊ दे. कोणाचाच रंग उरला नाही की कोणाचा नव्हता हेही उरणार नाही. नुसतं लाकूड. या विचाराने तिला बरं वाटलं, दात खाऊन बरं वाटतं तसं.

सुट्टीच्या दिवशी ती पिंपरी पेंढारला उतरली तेव्हा अंगणात पाळणा तसाच उभा होता, फळीवर तो चौकोन घेऊन. आरती तान्ह्या मुलीला घेऊन ओट्यावर बसली होती. पुण्याची, शिकलेली, आणि पोरगी वाईट नाही, हेच जास्त अवघड होतं. तिने उठून नमस्कार केला, बसायला चटई टाकली आणि समजावून सांगितलं की जुन्या रंगांत शिसं असतं, बाळ कठडा चाटतं, ते पोटात जातं. म्हणून वरून नवा रंग देऊन उपयोग नाही, सगळा काढायलाच हवा, आणि काढतानाची धूळ उडून जाईपर्यंत बाळाला ती माहेरी नेणार आहे. रविवारच्या बारशाला तिने कापडी झोळी मागवूनही ठेवली होती. सगळं बरोबर होतं. वैजयंतीला चिडायला जागाच ठेवली नव्हती, आणि त्यामुळे ती आणखी चिडली. मग आरतीने अगदी निर्मळपणे त्या चौकोनावर बोट ठेवलं.

"काकी, माऊली म्हणाला एकेक रंग एकेका बाळाचा आहे. किती गोड आहे हे. तुमच्या वेळचा कुठला?"

जया चुलीपाशी होती. तिच्या हातातली पळी थांबली. माऊली मशीनची वायर सोडवत होता, तो खाली बघत राहिला. दादाभाऊंनी पेपर वर केला.

"माझा न्हाई," वैजयंती म्हणाली. "दे ती मशीन इकडं."

माऊलीने फॅब्रिकेशनवाल्याकडून मागून आणलेलं ग्राइंडर होतं, पुढे घासायची चकती. आरती बाळाला घेऊन आत गेली. वैजयंतीने पदर तोंडाला बांधला, बटण दाबलं आणि चकती पाळण्याच्या पुढच्या पायाला लावली. काय आवाज. गुलाबी तर निमिषात उडाला, प्रतिभा आणि तिची पोरगी आणि त्यांचं कौतुक, भुगा होऊन हवेत. तिने हात जड केला. असं मोकळं तिला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. मग हिरवा आला. ओला असताना तिने डब्यात पाहिलेला तो हिरवा, तिच्या नखांत बसलेला, आणि चकती त्याच्यावर टेकली आणि त्याचा जळका वास तिच्या नाकात शिरला. त्या वासाबरोबर तिला तान्ह्या माऊलीच्या तोंडाच्या ओढीचं ते दुखणं आठवलं, छातीच्या डाव्या बाजूचं. हा भुगा कोणाचा होता? जयाने कुंचला फिरवला होता, तेवढंच. आणि याच्याखाली लगेच पिवळा येणार होता. मध्ये क्षणभरसुद्धा चकती अडखळणार नव्हती. सगळ्यांचं जाणार होतं ते आधी होतं म्हणून; प्रत्येकाला जाताना निदान धूळ तरी मिळणार होती. तिच्या पोराची धूळसुद्धा उडणार नव्हती. पहाटे तिला वाटलं होतं की घासून सगळे सारखे होतील. खोटं होतं ते. पुसलं जायलाही आधी रंग लागलेला असावा लागतो. तिने बटण बंद केलं. ती मशीन खाली ठेवत असताना माऊली हात द्यायला पुढे आला, आणि ती त्याला म्हणाली, सर बाजूला.

हार्डवेअरचं दुकान वेशीजवळ होतं. दुकानदार तरुण होता, त्याने शेडकार्ड पुढे टाकलं आणि नंबर विचारला. तिने सांगितलं, अबोली. तो म्हणाला, पीच का कोरल? ती म्हणाली, अबोली माहीत नाय का तुला, बायका केसात घालत्यात ती. त्याने मशीनवर काहीतरी दाबलं, एक झालं ते फिकं, दुसरं झालं ते भडक, आणि ती काउंटरवर हात आपटत त्याला पुन्हा करायला लावत राहिली. रांगेतली माणसं कुरकुरली. शेवटी झाकण उघडून त्याने तिच्यापुढे डबा धरला. तोच होता. त्याने विचारलं, कशाला पाहिजे. पाळण्याला. तो हसून म्हणाला, बारसं हाय व्हय? तिने हो म्हटलं, पैसे दिले आणि पिशवी न घेता डबा हातात उघडा धरून गावातून निघाली. कोणाला बघायचं त्याने बघावं. रंग आधी आणला नव्हता या वेळी. चांगला उशिरा आणला होता.

अंगणात आल्यावर तिने कोणालाही काही सांगितलं नाही. कुंचला बुडवला आणि पोपटांपासून सुरुवात केली. गुलाबीवरून, घासलेल्या पायावरून, त्या चौकोनावरून, एकेक रेघ बुजवत. तिचा हात चांगला नव्हता, ओघळ आले, पितळी कडीला डाग पडला. माऊली दोनदा काहीतरी बोलायला आला आणि परत गेला. दादाभाऊ ओट्यावरून म्हणाले की आता हे काय नवीन, आत्तापातूर घासायचं ठरलं व्हतं. तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि जीपमध्ये तिच्या मांडीवरून ज्याने ते गाठोडं उचलून घेतलं होतं त्या माणसाला विचारावं तसं विचारलं.

"कुठल्या बांधाला ठेवला, दादा?"

दादाभाऊंचा पेपर खाली आला. ते म्हणाले, "वढ्याच्या. करंजाखाली." मग उठून घरात गेले. करंज. त्या करंजाखाली तिने उन्हाळ्यात कितीदा भाकरी खाल्ली होती. ती कुंचला डब्यात तसाच धरून राहिली आणि मग पुन्हा हात चालवू लागली, आधीपेक्षा जोरात, कारण थांबली असती तर तिने तो डबा कोणाच्या तरी अंगावर फेकला असता.

पाळण्याच्या आतली बाजू रंगवायला ती वाकली तेव्हा हात खालच्या डब्यापर्यंत पोचेना. कोणीतरी तो उचलला. जया. कधी येऊन उभी राहिली होती कळलं नाही. म्हातारी होत चाललेली जया, दोन्ही हातांनी डबा धरून, कुंचला बुडवता येईल एवढा पुढे केलेला.

"ठेवा खाली, बाई," वैजयंती म्हणाली. "मला डबा धराया कुणी नको."

जयाने ठेवला नाही. तिच्या मनगटावर रंग सांडत होता. "हिरवा तुज्याच हातचा व्हाया पायजे व्हता," ती म्हणाली. "मला तवाच कळत व्हतं."

"कळत व्हतं तर मग?"

जयाने डबा आणखी जवळ केला. वैजयंतीला तिची दया आली नाही. यायला हवी होती, असंही तिला वाटलं नाही. तिने त्या डब्यात कुंचला बुडवला, कारण तो जवळ होता, आणि आतली बाजू, तळ, दोरी बांधायच्या खाचा, सगळं रंगवून काढलं. शेवटी तिने चारही पायांना खालून हात दिला, जिथे कधी कोणी बघत नाही. ऊन उतरलं होतं. पाळणा अंगणाच्या मधोमध ओला, अबोली, चकाकत उभा होता, आणि माऊली त्याच्याभोवती फिरून येऊन तिच्यासमोर थांबला. त्याच्या हातात मशीनची वायर होती. त्याच्या तोंडावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता. लहानपणी झोपेतून उठल्यावर तो असाच बघायचा.

"काकी, आरती म्हंती ते खरं हाय. शिसं हाय त्यात. काढायचा तर सगळाच हाय. मग आज कशाला लावलास?"

"काढ की. तुला कोण नको म्हनतंय," ती म्हणाली. "वाळू दे फक्त. ओल्यावर मशीन चालत न्हाई. वाळला की लाव. पयला माझा निघंल, मग प्रतिभाचा, मग तुझा, मग सगळ्यांचा. सगळे निघू द्यात. पन माझ्या पोराचा बी निघाला पायजे."

जया अजून रिकामा डबा धरून उभी होती. आत आरतीची मुलगी रडायला लागली आणि कोणीतरी तिला उचललं. वैजयंतीने रंगाचे हात साडीला पुसले, पाळण्याशेजारी जमिनीवरच मांडी घातली आणि बसली, वाळेपर्यंत उठायचं नाही म्हणून. हमरस्त्यावर नारायणगावच्या शेवटच्या गाडीने फाट्यावर हॉर्न दिला. तिने तो ओळखला आणि गाडी जाऊ दिली.